कोब्यावरची सरळ रेघ

१

रविवारी चर्चमधल्या पहिल्या मिस्सेहून मी घरी आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. माझी बायको पेट्रिशिया कोब्यावर पडली होती. डोकं कोब्याच्या कडेवर आपटलं होतं. सून मेलनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, पण त्याचा आता काही उपयोग नव्हता.

आमचं घर मढला, बंदराच्या वाटेवर. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. अंगणातला सिमेंटचा, पायरीएवढा उंच कोबा माझ्या वडिलांनी घातलेला. पेट्रिशिया आणि पलीकडच्या घरातली सुगंधा, दोघी त्यावर भागीत जवळा सुकवायच्या. एक ख्रिस्ती, एक हिंदू कोळी, पण जवळ्याच्या बाबतीत त्यांचं घर एकच होतं.

पोलीस आले, बघून गेले. पाय घसरून पडली, असं सगळ्यांनी सांगितलं. तसंच दिसतही होतं. मग बायकांनी बादल्या आणल्या आणि साबणाची पूड टाकून रक्त धुतलं. मीही खिळ्यावरचा खराटा काढला आणि घासू लागलो. काहीतरी हाताने करायला हवं होतं.

संध्याकाळी सुगंधा रडत आली. माझा मुलगा ग्लेनरॉय दारात उभा राहिला आणि त्याने तिला आत येऊ दिलं नाही.

"काल शेवटी कोब्यावर कोण होतं?"

"मीच होते रे. जवळा उचलला आणि गेले."

"आणि जाताना धुतलास. ओला ठेवलास. रात्रभर तो तसाच राहिला, आणि सकाळी आई घसरली."

"धुतला नाही मी! झाडला फक्त. तुझ्या आईची शपथ."

"आईचं नाव घेऊ नकोस. माझी आई तुझ्यामुळे गेली."

अख्खी गल्ली ऐकत होती. मी आत खुर्चीवर बसलो होतो. मी उठून दारापर्यंत गेलो नाही.

२

पेट्रिशियासाठी महिन्याची मिस्सा झाली. तोवर सुगंधाची वाट लागली होती. बंदरावर मासळी यायची तेव्हा बायका तिला आपल्या रांगेत बसू देत नव्हत्या. जवळा मिळालाच तर ती रस्त्याच्या कडेला प्लास्टिक अंथरून सुकवायची. रिक्षा जायची, धूळ उडायची. तो माल कोण घेणार?

ग्लेनरॉयने ठरवलं की कोबा फोडायचा. "आईचा जीव घेतला त्याने, पप्पा. रोज उठून मला तो बघवत नाही." ते खरं होतं. विशाल नावाचा एक माणूस शूटिंगसाठी बंगले आणि अंगणं मिळवून देतो, त्याला आमचं अंगण हवं होतं, पण कोब्याशिवाय. तेही खरं होतं.

पेट्रिशियाचा धाकटा भाऊ रोनाल्ड फाटकातच उभा होता. महिनाभर तो फाटकाच्या आत आला नव्हता. तो म्हणाला, "माणूस कशाला लावतोस? घण आहे माझ्याकडे. मी फोडतो."

"फोडा," मी म्हटलं. मला वाद घालायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुगंधा आली. मी कोब्यावरून मांजरं हाकलत होतो. ती फाटकाबाहेरच थांबली.

"भाऊ, फोडणार म्हणे?"

"हो."

"फोडा. तुमचा आहे. पण तू इंजिनवाला ना? इंजिन बंद पडलं की आधी खोलून बघतोस की समुद्रात टाकतोस?"

मी मांजरं हाकायची काठी भिंतीला टेकवली.

"एकदा फुटला की मग काय बघणार? माझ्यावरचा डाग तेवढा राहील. मेले तरी लोक म्हणतील, हीच ती."

ती गेली. मी तिथेच पायरीवर बसलो आणि पहिल्यांदा त्या सकाळचा नीट विचार केला.

मी खिळ्यावरून खराटा काढला होता, तो कोरडा होता. काड्यांत सुका जवळा अडकलेला होता. कोबा धुतला असता तर खराटा ओला असता. शिवाय आमच्याकडे कोबा धुतात तो सकाळी, माल पसरायच्या आधी. संध्याकाळी कोणी धूत नाही. समुद्राची खारी हवा लागते, कोबा सुकत नाही, दोन-चारदा तसं केलं तर शेवाळ धरतं. हे सुगंधाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि आमच्या बाजूच्या बोटी रविवारी जात नाहीत. उद्या माल येणारच नसेल तर आज कोबा धुवायचा कशाला?

आणखी एक. पेट्रिशियाच्या चपला कोब्याखाली जोडीने काढून ठेवलेल्या होत्या. ज्यावर खायची वस्तू सुकते त्यावर ती चप्पल घालून कधी चढली नाही. म्हणजे ती अनवाणी होती. जन्मभर त्या खरखरीत कोब्यावर ओल्या पायांनी वावरलेली बाई अनवाणी घसरली कशी?

मी ग्लेनरॉयला सांगितलं, "रविवारपर्यंत घण लावायचा नाही."

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

३

मेलनी मासळी साफ करत होती. मी तिच्यासमोर पाट ओढून बसलो.

"तू पहिली धावलीस ना? कोबा ओला होता?"

"पप्पा, नको ना आता."

"सांग. मला ऐकवेल."

तिने सुरी खाली ठेवली. "मी पण घसरले तिथे. आपटलेच असते. गुडघा बघ, अजून काळा आहे."

"आम्ही पाणी ओतल्यावर?"

"नाही, आधीच. मम्मीकडे धावताना."

"पाणी दिसलं होतं?"

ती विचार करायला लागली. "पाणी नाही. दव होतं थोडं. पण चमकत होतं, पप्पा. हात टेकला तर बुळबुळीत. मला वाटलं, रक्तच असेल."

"सगळा कोबा तसा?"

"नाही. मी घराकडून चढले, तिथे नीट होता. मम्मी होती त्या अर्ध्या भागात."

सुगंधाने कोबा धुतला असता तर तो सगळा धुतला असता. अर्धा कोबा कोण धुतं?

मेलनी उठली नाही. सुरीशी खेळत राहिली.

"अजून काही?"

"तू ओरडशील."

"माझ्यात ओरडायचा जीव राहिलाय का?"

"शनिवारी आपण सगळे गोराईला लग्नाला गेलो ना, तेव्हा मी विशालला सांगितलं होतं, घरी कोणी नाही, येऊन अंगण बघून जा. मम्मी असती तर तिने त्याला हाकलला असता. कोब्याला कोणी हात लावलेला तिला चालायचं नाही." तिचे डोळे भरले. "त्याचे लोक काय काय फवारतात, पप्पा. नवीन भिंत जुनी करतात, जुनी नवीन. मला महिनाभर झोप नाही. त्यांनी काही मारलं असेल तर मम्मी माझ्यामुळे..."

मी टोपी घातली आणि बाहेर पडलो.

४

विशाल किनाऱ्याजवळच्या एका बंगल्यावर सापडला. तिथे दोन पोरं नव्या कोऱ्या खांबावर ब्रशने शेवाळ रंगवत होती. लांबून खरंच शेवाळ वाटत होतं.

"शनिवारी माझ्या अंगणात काय मारलंस?" मी थेट विचारलं.

"काका, आईशप्पथ! काही नाही. गेट उघडं होतं, आत आलो, फोटो काढले, निघालो. तुमचा कोबा आम्हाला नकोच होता, त्याला रंगवू कशाला?"

"फोटो आहेत?"

त्याने फोन पुढे केला. संध्याकाळचं तिरकं ऊन होतं. आमचं घर, तुळईवर वाळत घातलेली जाळी, आणि कोबा. सुगंधाने झाडून घेतलेला. कोब्याचा अर्धा भाग पांढुरका होता आणि अर्धा काळपट.

"कोणीतरी पाणी मारलं असेल ना," विशाल म्हणाला.

"हे मोठं कर."

त्याने दोन बोटांनी चित्र ताणलं. काळपट भाग जिथे संपत होता तिथे एक रेघ होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ.

आमच्या कोब्याला गटाराकडे उतार आहे. पाणी ओतलं तर ते उताराने धावतं, बोटं फुटल्यासारखं पसरतं. पाण्याची कड कधी सरळ नसते. ही रेघ उताराला आडवी होती. आणि काळ्या भागात शेजारी शेजारी पट्टे दिसत होते, त्या पोरांच्या ब्रशसारखेच, पण रुंद.

ते पाणी नव्हतं. कोणीतरी अर्ध्या कोब्यावर ब्रश फिरवला होता. काळपट, बुळबुळीत आणि रात्रभरात न सुकणारं असं काहीतरी लावलं होतं.

"ऑइल वाटतंय, काका," माझ्या खांद्यावरून बघत विशाल म्हणाला.

मलाही तेच वाटत होतं. आणि आमच्या गल्लीत ऑइलचे डबे एकाच घरात असतात. माझ्या.

५

घरी आल्यावर आधी माझी शेड उघडली. डबे जागच्या जागी होते. माझ्याकडे रुंद ब्रश नाही, पण ग्लेनरॉय कुठूनही आणू शकला असता. मेलनीही. कोबा खराब झाला तर तो काढायला निमित्त मिळतं, हा विचार माझ्या मनात आला. स्वतःच्या मुलाबद्दल तो आला, हे मी लपवत नाही.

मी एक बादली पाणी घेतलं आणि कोब्यावर सोडलं. घराकडच्या अर्ध्या भागाने ते पिऊन टाकलं. जुना कोबा तहानलेला असतो. पण पलीकडच्या अर्ध्यावर पाण्याचे मणी झाले आणि घरंगळत गटारात गेले. साबणाने वरची चमक गेली होती, आत मुरलेलं तेल गेलं नव्हतं. दोन्हींच्या मध्ये तीच सरळ रेघ होती.

मी छिन्नीने त्या भागाची एक ढलपी काढली आणि नाकाशी नेली. पण इथे मासळी सुकते, इंजिनं खोलतात, गटार वाहतं. आमच्या गल्लीत वासावरून कोण काय ओळखणार?

ढलपी खाली ठेवली तर एक मांजर आलं आणि तिला चाटायला लागलं.

महिनाभर मी मांजरं हाकलत होतो. कोब्यावर जवळ्याचा एक दाणाही नव्हता, तरी ती येत होती, आणि नेहमी त्याच बाजूला बसत होती. मी आत जाऊन इंजिन ऑइलचे चार थेंब फरशीच्या तुकड्यावर टाकले आणि तो मांजरापुढे ठेवला. त्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

म्हणजे माशाचं तेल. मुशीचं, त्या लहान शार्कचं. लाकडी होडी सुकून फुटू नये म्हणून फळ्यांना लावतात ते. पूर्वी घरोघर असायचं. आता सगळ्यांच्या बोटी फायबरच्या झाल्या, तेल कोणाला लागतं? आमच्या बाजूला लाकडी होडी एकानेच ठेवली आहे, रोनाल्डने.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. लग्नाच्या आठवड्यात रोनाल्ड आमच्याकडे जेवायला होता. पेट्रिशियाने जवळ्याची चटणी वाढली होती आणि स्वतःच वैतागली होती. "कच लागते बघ दाताखाली. कोबा वाळू सोडायला लागलाय. गिऱ्हाइकं बोलतात मला." रोनाल्ड हसला होता. "तुझा कोबा म्हातारा झाला, बाय. त्याला मालिश कर."

शनिवारी गोराईच्या लग्नात तो उशिरा आला. होडीचं काम होतं म्हणाला. होडीला तेल लावायचं काम पावसाळ्यात, होड्या वर ओढल्यावर. हिवाळ्यात कसलं काम? आणि इंजिनाचं असतं तर त्याने मला बोलावलं असतं.

आणि घण घेऊन कोबा फोडायला सगळ्यांच्या आधी तोच पुढे आला होता.

मी पायरीवर बसलो. उत्तर सापडलं म्हणून मला बरं वाटलं नाही. पेट्रिशियाने त्याला आईच्या मागे वाढवलं होतं.

६

रोनाल्ड किनाऱ्यावर होडीच्या सावलीत जाळं विणत होता. मला बघून त्याने विणणं थांबवलं नाही.

मी वाळूत बसलो. "शनिवारी होडीचं कसलं काम होतं रे?"

"असंच, दाजी. बारीकसारीक."

"तेल लावलंस?"

"हो... थोडं."

"कशाला?"

त्याची सुई थांबली.

"होडीच्या फळ्या कोरड्या आहेत, रोनाल्ड. पांढऱ्या पडल्यात. मी येताना हात लावून बघितलं. तेल दुसरीकडे लागलंय."

त्याने सुई जाळ्यात खोचली. लांब वर्सोव्याच्या बाजूला बोटी हलत होत्या.

"लाकूड तेल पितं, दाजी," तो हळू म्हणाला. "भुसा सोडणारी फळी असली तरी दोन हात मारले की घट्ट होते. मला वाटलं, सिमेंट पण पिईल. कच यायची बंद होईल. तुम्ही सगळे लग्नाला होता, म्हटलं सोमवारी जवळा पसरेल तेव्हा विचारेल, कोणी केलं रे? अर्ध्यात तेल संपलं. म्हटलं बाकीचं उद्या करू."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी धावत आलो तेव्हा तुम्ही घासत होता. साबण लावून. मी फाटकात उभा होतो. मला लगेच कळलं." त्याने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. "बाय चपला काढून चढली असेल ना? चमकतंय काय ते बघायला?"

"हो. तसंच असेल."

"मला पोलिसात दे, दाजी. मार मला. काहीतरी कर."

मला त्याला मारावंसं वाटलं. त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही.

"तू तिच्यासाठी केलंस, ते मला कळतंय," मी म्हटलं. "पण त्या संध्याकाळी ग्लेनरॉय सुगंधाला बोलला, तेव्हा तू कुठे होतास?"

"फाटकात."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग मला काय सांगतोस? मला आधीच कळलंय. ज्या बाईला कळायला हवं तिला जाऊन सांग."

"सांगतो. आज तिच्या घरी जातो."

"घरी नाही. तिला घरी कोणी वाळीत टाकलेलं नाही."

७

दुसऱ्या दिवशी बोटी लागायच्या वेळेला बंदरावर बायकांची रांग बसली होती. सुगंधा त्यांच्यापासून लांब, एकटी, रिकामी टोपली घेऊन. मी ग्लेनरॉयला आणि मेलनीला बरोबर आणलं होतं. रात्रीच दोघांना सगळं सांगितलं होतं. ग्लेनरॉय वाटभर आमच्या मागून चालला होता.

रोनाल्ड रांगेसमोर उभा राहिला. सुरुवातीला त्याचा आवाज कोणाला ऐकूच गेला नाही.

"मोठ्याने बोल रे, मासे विकतोस ना?" एक म्हातारी ओरडली.

"कोब्याला तेल मी लावलं होतं," तो मोठ्याने म्हणाला. "मुशीचं. सुगंधाने पाणी टाकलं नव्हतं. तिने काही केलं नव्हतं. माझी बहीण माझ्या तेलावरून घसरली."

म्हातारीने तोंडावर पदर घेतला. "अरे देवा. आणि आम्ही या बाईला..."

सुगंधा उठली. टोपली तिथेच ठेवून रोनाल्डसमोर आली. मला वाटलं, थोबाडीत मारेल.

"तेल लावलंस, ते मला समजतं," ती म्हणाली. "माझा भाऊ असता तर त्यानेही लावलं असतं. पण रोज मी तुझ्या होडीवरून रिकामी टोपली घेऊन जात होते. तू मान खाली घालून जाळं विणत होतास. ते मला समजत नाही. ते तू मला कधी समजावू पण नकोस."

रोनाल्डने मान हलवली. तो रडत होता, पण तिथून हलला नाही.

ग्लेनरॉय पुढे झाला. "मावशी, मी..."

"तू आईवेडा," तिने त्याला तोडलं. "तुला नंतर बघते. चांगली बघते."

पहिली बोट लागली. म्हातारीने सरकून जागा केली. शेजारचीने तिच्या शेजारचीला कोपराने ढकललं, आणि रांगेत एका माणसाची जागा झाली. सुगंधा लगेच बसली नाही. माझ्याकडे आली.

"फोडणार ना अजून?"

"तेलाचा अर्धा फोडतो. तो कशाच्या कामाचा नाही. रोनाल्ड फोडेल आणि वाहूनही नेईल. तिथे माती भरतो. उरलेला अर्धा राहील." मी ग्लेनरॉयकडे बघितलं. त्याने हो म्हणून मान हलवली.

"मग तो अर्धा मला देणार? दान?"

"दान नाही. भागी होती तशीच."

"भागी कोणाशी? पसरायचं काम माझं. बाकीचं सगळं पेट्रिशियाचं. दिवसभर उन्हात बसायची, जवळा उलटायची, कावळे हाकायची, त्यातले बारीक मासे निवडायची. ते कोण करणार? तुझी सून? तिला वासच येतो."

मेलनीने मान खाली घातली.

"मी करीन," मी म्हटलं.

सुगंधाने माझे हात बघितले. इंजिनाने काळे झालेले, नखं तुटलेली.

"तुझ्या हाताने चुरा होईल त्याचा."

"शिकव."

ती हसली नाही. पण तिने जाऊन आपली टोपली आणली, माझ्या हातात दिली, रांगेतल्या आपल्या जागेवर जाऊन बसली, आणि आलेल्या बोटीवरच्या माणसाला हाक मारून म्हणाली, "आमच्या दोघांचा घाल रे."